दहा दिवसांत औषध जातं कुठे? फळातल्या अंशांचा हिशोब

विचारणा अशी आहे: “बागायतदार म्हणतो, शेवटचा फवारा दहा दिवसांपूर्वीचा आहे, आता फळात काही उरलेलं नाही. घरचे म्हणतात, नळाखाली धरलं की उरलंसुरलं जातं. शिवाय मी फळं आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतो, तेवढ्यात आणखी कमी होत असणार. यातलं खरं किती?”

पहिलं काही औषधांच्या बाबतीत खरं आहे, काहींच्या बाबतीत अजिबात नाही. दुसरं अर्धं खरं. तिसरं जवळजवळ उलटं. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत फळांतले कीडनाशकांचे अंश मोजण्याचं काम करतो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

“औषध गेलं” असं आपण म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, ते वाऱ्याने उडून किंवा पावसाने धुऊन खरंच फळावरून निघून गेलं. दोन, ते होतं तेवढंच आहे, पण फळ फुगलं म्हणून दर किलोमागचं प्रमाण उतरलं. तीन, त्याचा रेणूच मोडला. रिपोर्टवरचा आकडा तिन्ही वेळा सारखाच खाली येतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी निराळं असतं. बागायतदार, ग्राहक आणि कधीकधी आमचे लोकसुद्धा गोंधळतात ते इथेच.

आधी वेळेचं गणित. बहुतेक औषधांचं प्रमाण रोज ठरावीक मिलिग्रॅमने घटत नाही, जेवढं उरलंय त्याच्या ठरावीक हिश्श्याने घटतं. म्हणून आम्ही अर्धायुष्य मोजतो, म्हणजे निम्मं व्हायला लागणारे दिवस. समजा फवारल्याच्या संध्याकाळी फळात किलोमागे ४ मिलिग्रॅम अंश आहे आणि अर्धायुष्य ५ दिवसांचं आहे. पाचव्या दिवशी २ उरेल, दहाव्या दिवशी १, पंधराव्या दिवशी अर्धा. कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमची असेल तर “दहा दिवस झाले की” म्हणणाऱ्याचं फळ मर्यादेच्या दुप्पट आहे.

याच गणितातून दोन गोष्टी निघतात आणि त्या ऐकून लोक चमकतात. कोणी चुकून दुप्पट मात्रेने फवारलं तर थांबायचे दिवस दुप्पट होत नाहीत, फक्त एक अर्धायुष्य वाढतं. वरच्या उदाहरणात सुरुवात ८ पासून होईल आणि पाचच दिवस जास्त थांबावं लागेल. (दुप्पट मारायला हरकत नाही, असा याचा अर्थ कृपया काढू नका.) उलट मात्रा अगदी बरोबर आहे, पण थंड ढगाळ हवेमुळे अर्धायुष्य ५ चं १५ दिवस झालं, तर पंधरा दिवसांचे पंचेचाळीस होतात. मात्रेतली चूक सगळ्यांना दिसते. अर्धायुष्यातली चूक कोणाला दिसत नाही, आणि तीच महागात पडते.

दुसरी गोष्ट साठण्याची. दर आठवड्याला तेच औषध मारलं आणि त्याचं अर्धायुष्यही आठवड्याचं असलं, तर प्रत्येक फवाऱ्यानंतरचं शिखर चढत चढत एका फवाऱ्याच्या दुपटीला जाऊन थांबतं. अर्धायुष्य दोन आठवड्यांचं असेल तर ते साडेतीन पटीच्या जवळ जातं. लेबलवर “हंगामात जास्तीत जास्त इतके फवारे” असं लिहिलेलं असतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रत्यक्षातली घट मात्र कागदावरच्या रेषेसारखी गुळगुळीत नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा झपाट्याने कोसळतो, कारण सालीवर नुसतंच बसलेलं औषध उडतं, झडतं, उन्हात जळतं. मग गती मंदावते. जे उरतं ते मेणात शिरलेलं, सालीच्या आत गेलेलं, देठाच्या खळग्यात सावलीला बसलेलं असतं. पहिल्या तीन दिवसांचे आकडे घेऊन पुढच्या वीस दिवसांचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. मीही फसलोय.

आता फळ फुगण्याचा मुद्दा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बागेतल्या बऱ्याचशा “औषध उतरलं”चं श्रेय याचं असतं आणि ते भलत्यालाच दिलं जातं. फळ धरल्यावर सुरुवातीला २ ग्रॅमचं असलेलं सफरचंद काढणीला १५० ग्रॅमचं होतं. त्या २ ग्रॅमच्या फळावर पडलेल्या औषधाचा एकही रेणू मोडला नाही असं धरलं, तरी किलोमागचं प्रमाण ७५ पटीने घसरतं. फळधारणेच्या वेळी मारलेली औषधं काढणीच्या नमुन्यात क्वचित दिसतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

हेच गणित उलटं चालवून बघा. फळ भरात असताना, म्हणजे वजन आठ दिवसांत दुप्पट होत असताना, चाचणी घेतली आणि अर्धायुष्य ६ दिवसांचं आलं. छान, औषध लवकर जातंय असं वाटतं. पण या ६ दिवसांत फुगण्याचा वाटाही आहे. एकूण वेगातून वाढीचा वेग वजा करायचा: एक षष्ठांश वजा एक अष्टमांश, उरला एक चोविसांश. म्हणजे उडणं, धुणं, मोडणं सगळं धरून त्या औषधाचं स्वतःचं अर्धायुष्य २४ दिवसांचं निघालं! आता हेच औषध पक्व फळावर मारलं, जेव्हा फळाचं वजन वाढायचं थांबलेलं असतं, तर तुम्हाला ६ नाही, २४ दिवसांचा वेग मिळणार. औषध तेच, बाग तीच. म्हणून शेवटच्या टप्प्यातला फवारा हा सगळ्यात वाईट फवारा असतो, आणि नेमका तेव्हाच माल चकाचक दिसावा म्हणून हात पंपाकडे जातो.

लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात, तो या सगळ्याची बेरीज असतो. ठरावीक पीक, ठरावीक मात्रा, ठरावीक फवारे, खऱ्या बागांत घेतलेल्या चाचण्या, त्यावरून काढलेले दिवस. त्यातली एक जरी गोष्ट बदलली तरी ते दिवस तुमचे राहत नाहीत. एका फळासाठी लिहिलेला पीएचआय दुसऱ्याला लावणं तर निव्वळ अंदाजपंचे.

फळाचा आकारही बघायला हवा. गोल वस्तूचं पृष्ठफळ आणि वजन यांचं प्रमाण त्रिज्येच्या उलट चालतं. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या द्राक्षमण्याला दर ग्रॅममागे सुमारे ३ चौरस सेंटिमीटर साल असते, बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या कलिंगडाला पाव चौरस सेंटिमीटर. सालीवर सारखाच थर बसला तरी द्राक्षात किलोमागे बारा पट औषध निघेल. स्ट्रॉबेरीची अवस्था आणखी नाजूक: लहान फळ, खडबडीत पृष्ठभाग, सोलण्यासारखी साल नाही, आणि सलग तोडणीमुळे फवारा व तोडा यांत अंतर ठेवणं अवघड. पीचच्या लवेत थेंब अडकतात. सफरचंदाचा देठाकडचा खळगा म्हणजे तर छोटी वाटीच.

आता औषध बसतं कुठे. स्पर्शजन्य औषधं मुख्यतः सालीवर राहतात. पण “सालीवर” म्हणजे ताटावर पडलेली धूळ नव्हे. फळाच्या सालीवर मेणाचा थर असतो, द्राक्षावर जी पांढरट झाक दिसते ती मेणाचीच. तेलात विरघळणारी औषधं, उदाहरणार्थ पायरेथ्रॉइड गटातली, काही तासांत या मेणात मुरतात. मग ती पावसाने सहज धुतली जात नाहीत आणि गरात फारशी उतरतही नाहीत. मेणात औषध एका अर्थी कोठडीत असतं, बाहेरून कमी हात लागतो, आतून फळाचे एन्झाइमही पोचत नाहीत.

आंतरप्रवाही औषधांची तऱ्हा वेगळी. ती पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात, पानांतून नाहीतर मुळांतून शिरतात आणि रसाबरोबर झाडभर फिरतात. फळाच्या सालीला थेंबही न लागता ती गरात पोचू शकतात. याचं कडू उदाहरण १९८५ सालचं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ४ जुलैच्या सुट्टीच्या सुमारास कलिंगड खाऊन लोक आजारी पडू लागले: मळमळ, उलट्या, घाम, धूसर दिसणं. तक्रारींचा आकडा हजाराच्या पुढे गेला. कारण होतं अल्डिकार्ब, जमिनीत घालायचं अतिशय विषारी कीटकनाशक, आणि कलिंगडावर त्याला परवानगीच नव्हती. ते मुळांतून वर चढलं, वाटेत त्याला ऑक्सिजन जुळून त्याचं सल्फॉक्साइड झालं आणि गरात साठलं. ती कलिंगडं कितीही धुतली असती तरी काही फरक पडला नसता.

मोडण्याकडे येऊ. रेणू तोडणारे कारागीर तीन: ऊन, पाणी आणि खुद्द फळ.

उन्हाची ताकद बघायची तर शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणारं नैसर्गिक पायरेथ्रिन बघा. कीड झटक्यात लोळवतं, पण उघड्या उन्हात काही तासांत निकामी होतं. शेतात वापरायला म्हणूनच ते गैरसोयीचं. १९७३ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रात मायकल इलियट आणि सहकाऱ्यांनी परमेथ्रिन पुढे आणलं, त्याच सांगाड्यात बदल करून उन्हाला टिकणारं केलेलं. शेतीच्या दृष्टीने मोठं पाऊल. अंश मोजणाऱ्याच्या दृष्टीने बघितलं, तर औषध टिकाऊ झालं म्हणजे अंशही टिकाऊ झाला. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली किंवा काचघरात अतिनील किरण कमी पोचतात आणि पाऊस तर नाहीच, त्यामुळे तिथे तेच औषध जास्त दिवस रेंगाळतं. दाट पानोऱ्यात लपलेल्या फळाचंही तसंच.

पाण्याचं मोडणं सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी आहे त्यावर, अवलंबून असतं. कॅप्टान हे बुरशीनाशक घ्या. सामू ७ च्या पाण्यात ते काही तासांत निम्मं होतं, ९ च्या वर काही मिनिटांत. टाकीत अल्कधर्मी पाणी असेल आणि मिश्रण करून कोणी जेवायला गेलं, तर परत येईपर्यंत टाकीतलं निम्मंशिम्मं औषध कामातून गेलेलं असतं. याच कॅप्टानने मला एकदा चांगलंच नाचवलं. पद्धत तपासण्यासाठी स्वच्छ खरबुजाचा लगदा करून त्यात मोजून कॅप्टान घातलं होतं. सकाळी घातलं, मशीन दुसऱ्या कामात अडकलं, लगदा टेबलावरच राहिला. दुपारी काढलं तर निम्मंही हाती लागेना. पिपेट तपासली, द्रावण नवं केलं, मदतनिसावर डाफरलो. मग आलेखात टेट्राहायड्रोथॅलिमाइडचं, म्हणजे कॅप्टान मोडून होणाऱ्या पदार्थाचं, टोक दिसलं. औषध हरवलं नव्हतं, लगद्यात बसून मोडलं होतं. साल शाबूत असते तोवर सालीवरचं औषध आणि आतला रस यांची गाठ पडत नाही, लगदा केला की पडते. तेव्हापासून असे नमुने आम्ही कोरड्या बर्फाबरोबर गोठवूनच दळतो. यंत्रातून पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि फळाचा बर्फाळ भुगा पडतो. मदतनिसाची माफी मागितली, हेही नोंदवतो.

तिसरा कारागीर फळ. झाडाला हा परका रेणू नको असतो. एन्झाइम आधी त्यावर ऑक्सिजन वगैरे चढवतात, मग त्याला साखरेचा किंवा ग्लुटाथायोनचा रेणू जोडून पाण्यात विरघळणारा करतात, आणि प्राण्यांसारखं बाहेर टाकण्याची सोय नसल्याने पेशीतल्या रसधानीत किंवा भिंतीत कोंबून ठेवतात. साखर जोडलेला अंश नेहमीच्या तपासणीत बऱ्याचदा दिसतच नाही, कारण आपण मूळ रेणू शोधत असतो. तो खऱ्या अर्थाने मोडला आहे की नुसता वेश बदलून बसलाय, हा प्रश्न औषधागणिक सोडवावा लागतो.

त्यातून पुढचा मुद्दा निघतो, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित हाच आहे: मोडलं म्हणजे निवळलं असं नाही. डायमेथोएट झाडात ऑक्सिडीकरण होऊन ओमेथोएट होतं, आणि ओमेथोएट मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे. अॅसिफेटपासून मेथामिडोफॉस होतं, तेही जास्त विषारी. कार्बोसल्फानपासून कार्बोफ्युरान. अशा वेळी मूळ औषधाचा आकडा सुंदर उतरत असतो आणि बाजूला दुसरा चढत असतो. म्हणून मर्यादा ठरवताना बऱ्याच औषधांसाठी मूळ रेणू आणि त्याची ठरावीक पिल्लं यांची बेरीज धरतात.

यावरून भांडणंही होतात. एक बागायतदार रिपोर्ट घेऊन तावातावाने आला होता: “कार्बेन्डाझिम मी या हंगामात हातात धरलेलं नाही, तुमचं मशीन खोटं बोलतंय.” त्याची फवारणीची वही मागवली. खरंच कार्बेन्डाझिम नव्हतं. पण दोन ठिकाणी थायोफॅनेट मिथाइल होतं, आणि ते झाडात आणि पाण्यात मोडून कार्बेन्डाझिमच होतं. माणूस खरा होता, मशीनही खरं होतं.

उष्णतेने होणारं मोडणं आणखी वेगळं. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट गटातली बुरशीनाशकं शिजवताना त्यांच्यापासून ईटीयू, म्हणजे इथिलीन थायोयुरिया, तयार होतं, आणि थायरॉइडच्या दृष्टीने काळजी असते ती त्याची. सफरचंदावर वापरल्या जाणाऱ्या डॅमिनोझाइड या वाढ नियंत्रकाची गोष्टही याच जातीची. ते गरात शिरायचं, आणि रस किंवा सॉस करताना तापवलं की त्यातून यूडीएमएच नावाचा, कर्करोगाचा संशय असलेला पदार्थ निघायचा. अमेरिकेत १९८९ मध्ये यावरून मोठं काहूर उठलं आणि त्याच वर्षी खाद्य पिकांवरचा त्याचा वापर थांबला. कच्च्या फळावरचे आकडे बघून रसाचा निकाल देता येत नाही तो यामुळे.

तांबं आणि गंधक यांच्या बाबतीत अर्धायुष्य हा शब्दच चुकीचा. तांबं मूलद्रव्य आहे, ते मोडणार कशात? ते फक्त धुऊन जातं किंवा फळ वाढल्याने पातळ होतं.

आता तुमच्या फ्रीजकडे. फळ तोडलं की तिन्ही वाटा एकदम आखडतात. फळ वाढत नाही, म्हणजे पातळ होणं संपलं. पाऊस, वारा, ऊन नाही. उरतो तो आतला रासायनिक आणि एन्झाइमचा व्यवहार, आणि ढोबळ हिशोबाने तापमान दर १० अंशांनी उतरलं की त्याचा वेग निम्मा होतो. २५ अंशांवर पाच दिवसांत निम्मं होणारं औषध ५ अंशांवर साधारण वीस दिवस घेईल. फ्रीज फळ टिकवतो तसाच औषधही टिकवतो. मोठ्या शीतगृहांत, जिथे ऑक्सिजनही कमी ठेवतात, तिथे काही अंश महिनोन्महिने जवळजवळ जागचे हलत नाहीत. उलट फळातलं पाणी उडून वजन घटलं तर किलोमागचा आकडा किंचित वर जातो.

त्यात काही औषधं काढणीनंतरच लावलेली असतात. संत्र्या-लिंबांच्या वर्गातल्या फळांवर इमॅझालिल, थायबेंडॅझोल यांसारखी बुरशीनाशकं धुलाईच्या पाण्यातून किंवा मेणातून देतात, कारण ती वाहतुकीत आणि साठवणीत टिकायलाच हवी असतात. त्यांच्यासाठी “शेवटचा फवारा कधी” हा प्रश्नच गैरलागू. इमॅझालिल बहुतांश सालीत राहतं, त्यामुळे सोलून खाणाऱ्याला फारसं काही नाही. साल किसून किंवा मुरवून खाणाऱ्याने मात्र वेगळा विचार करावा.

धुण्याबद्दल. इथे लोकांची एक ठाम समजूत असते की पाण्यात विरघळणारं औषध धुतलं जातं आणि न विरघळणारं राहतं. ऐकायला पटतं. २००० साली कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राने नळाच्या पाण्याने धुण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १२ पैकी ९ औषधांचं प्रमाण कमी झालं, पण त्याचा विद्राव्यतेशी काही मेळ बसला नाही. विन्क्लोझोलिन, बायफेन्थ्रिन आणि क्लोरपायरिफॉस मात्र हलले नाहीत. औषध पाण्यात किती विरघळतं यापेक्षा ते सालीवर सुटं बसलंय की मेणात शिरलंय, हे निर्णायक. वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळणं बुडवून ठेवण्यापेक्षा बरं, कारण घर्षणाने सुटे कण निघतात.

खाण्याच्या सोड्याबद्दल हमखास विचारलं जातं. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या गटाने सफरचंदांवर केलेला प्रयोग चांगला आहे. फॉस्मेट आणि थायबेंडॅझोल ही दोन औषधं सालीवर लावून २४ तास ठेवली. मग दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम सोडा, म्हणजे १ टक्क्याच्या द्रावणात, १५ मिनिटांत फॉस्मेटचे ९६ टक्के आणि १२ मिनिटांत थायबेंडॅझोलचे ८० टक्के पृष्ठभागावरून गेले. सोड्याच्या क्षारामुळे ही औषधं मोडतातही, नुसती धुतली जात नाहीत. पण त्याच प्रयोगातला दुसरा भाग कोणी सांगत नाही: त्या २४ तासांत थायबेंडॅझोलचा सुमारे २० टक्के आणि फॉस्मेटचा सुमारे ४ टक्के भाग सालीत आत गेला होता, थायबेंडॅझोल ८० मायक्रोमीटरपर्यंत. तो सोड्याने निघाला नाही. आणि हे प्रयोगशाळेत लावलेलं औषध, एका दिवसाचं. बागेत आठ-दहा दिवस मुरलेल्या औषधाकडून इतक्या सौजन्याची अपेक्षा नको. सोड्याने धुवायला हरकत काहीच नाही, दोन मिनिटं बुडवून चमत्कार मात्र होणार नाही. साबण वापरू नका, फळ ते शोषतं आणि तुम्ही एक नवाच अंश वाढवता.

सोलल्याने सालीतलं जातं, आंतरप्रवाही राहतं. वाळवल्याने बहुधा उलटं होतं: चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा, म्हणजे वाळवताना काहीच उडालं किंवा मोडलं नाही तर प्रमाण चौपट. प्रत्यक्षात काही औषधं उन्हात जातात, काही नाही. रस काढला तर मेणाळ औषधं चोथ्यात राहतात, पाण्यातली रसात येतात.

शेवटी रिपोर्टबद्दल, कारण बागायतदार तो तुमच्यापुढे धरेल. “आढळला नाही” म्हणजे शून्य नव्हे. आज बहुतेक प्रयोगशाळा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खात्रीने मोजतात, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. त्याखाली काय आहे ते रिपोर्ट सांगत नाही. युरोपीय संघाच्या ३९६/२००५ या नियमानुसार, जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे हीच ०.०१ ची मर्यादा लागू होते. आणि कमाल मर्यादा ही विषाची रेघ नव्हे. औषध लेबलप्रमाणे वापरलं तर काढणीला जास्तीत जास्त किती उरेल, त्यावरून ती ठरते, मग तेवढं रोजच्या आहारात चालेल का हे वेगळं तपासतात. मर्यादा ओलांडली म्हणजे कोणीतरी नियमाप्रमाणे वापर केला नाही हे बहुधा कळतं. आजारी पडणार का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

आणखी एक: केळं, संत्रं हे आम्ही सालीसकट दळतो, कारण मर्यादा तशाच ठरलेल्या आहेत. आंब्याची कोय काढतो, पण हिशोब अख्ख्या फळाच्या वजनावर मांडतो. त्यामुळे केळ्याच्या रिपोर्टवरचा आकडा तुमच्या पोटात जाणाऱ्या गराचा नसतो, गरातला अंश सहसा त्याहून बराच कमी असतो. शिवाय नमुन्यात अनेक फळं एकत्र दळली जातात, म्हणजे आकडा सरासरीचा. झाडाच्या बाहेरच्या फांदीवरचं फळ आणि आतलं फळ यांत फरक पडतो, एखाद्या फळात सरासरीच्या दोन-तीन पट सापडणं नवल नाही. मोजणीतली अनिश्चितताही युरोपातल्या प्रयोगशाळा साधारणपणे ५० टक्के धरतात, म्हणून ०.०१२ आणि ०.०१ यांत भांडण्यासारखं काही नसतं.

तेव्हा बागायतदाराला दिवस विचारण्याआधी औषधाचं नाव विचारा, ते कुठल्या टप्प्यावर मारलं आणि तेव्हा फळ केवढं होतं ते विचारा, आच्छादन होतं का ते विचारा. सांगणारा नीट वही ठेवणारा असेल तर पाच मिनिटांत सांगेल. आणि रिपोर्ट दाखवलाच तर नमुना घेतल्याची तारीख आधी बघा. ती शेवटच्या फवाऱ्याच्या आधीची निघाल्याचं मी अनेकदा पाहिलंय.